कसोटीतला कर्णधार (लेखांक ७) : सहावा फलंदाज की पाचवा गोलंदाज?

कसोटी सामना जिंकायचा तर प्रतिस्पर्ध्याचे वीस बळी घ्यावे लागतात. समोरच्या कर्णधाराने डाव घोषित करून उदारपणा दाखवला तर गोष्ट वेगळी, पण त्या भरवशावर संघ निवडता येत नाही. अकरा जणांत यष्टिरक्षकाची एक जागा ठरलेली. उरलेल्या दहांची रूढ वाटणी म्हणजे सहा फलंदाज आणि चार गोलंदाज. पाचवा गोलंदाज हवा असेल तर एका फलंदाजाला बाहेर बसवावे लागते, आणि कसोटीतला पहिला मोठा धोका नाणेफेकीच्याही आधी, इथेच पत्करला जातो.

दिवसाची ९० षटके चार गोलंदाजांत वाटली तर प्रत्येकाला साडेबावीस येतात, पाचांत वाटली तर अठरा. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण एखाद्या वेगवान गोलंदाजाचा स्नायू दुखावला आणि तो मैदानाबाहेर गेला, की चौघांच्या संघात उरलेल्या तिघांवर दिवसाला प्रत्येकी तीस षटकांचा भार पडतो. पाच जणांच्या संघात हाच आकडा साडेबावीसवर थांबतो. शिवाय पाचव्याने खूप षटके टाकावीत अशी अपेक्षाच नसते. १९७१ च्या मार्चमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजच्या दुसऱ्या डावात सलीम दुराणी यांनी दोनच बळी घेतले, पण ते सोबर्स आणि लॉइड यांचे होते. सोबर्स शून्यावर त्रिफळाचीत झाले आणि लॉइड यांचा झेल खुद्द कर्णधार अजित वाडेकर यांनी टिपला. वेस्ट इंडीजवर भारताचा तो पहिला कसोटी विजय.

तरीही बहुतेक कर्णधार सहावा फलंदाज घेतात. याचे कारण क्रिकेटपेक्षा दोषारोपाच्या रीतीत जास्त आहे. संघ दीडशेत गुंडाळला गेला की कमी पडलेला फलंदाज सर्वांना दिसतो. शेवटची जोडी बाद न झाल्याने सामना अनिर्णित सुटला तर कमी पडलेला गोलंदाज सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये गॉलला विराट कोहलीने पाच गोलंदाज घेतले. विजयासाठी १७६ धावा हव्या असताना भारत ११२ धावांत बाद झाला आणि ६३ धावांनी हरला. पुढच्या सामन्यात हरभजनसिंगऐवजी स्टुअर्ट बिन्नी आला. गोलंदाज पाचच राहिले, पण नव्या पाचव्याला फलंदाजीही येत होती. भारताने ती मालिका २-१ अशी जिंकली.

रणजी सामन्यांत हे गणित आणखीच फलंदाजांकडे झुकते. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्राचा साखळी सामना असतो तेव्हा तो चार दिवसांचा असतो. तो अनिर्णित राहिला तरी पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला तीन गुण आणि मागे पडणाऱ्याला एक गुण मिळतो. निर्णायक विजयाचे गुण सहा. म्हणजे पहिल्या डावात साडेचारशे धावा रचून ठेवणारा कर्णधार वीस बळी न घेताही पदरात काहीतरी पाडून घेतो. याच गोल्फ क्लबच्या मैदानावर कोवळे ऊन अंगावर घेत बसलेल्या प्रेक्षकाला तिसऱ्या दिवशीची संथ फलंदाजी कंटाळवाणी वाटली, तरी गुणतक्त्यापुढे ती शहाणपणाचीच असते. कसोटीत पहिल्या डावातील आघाडीला असे मोल नाही.

पाचव्या गोलंदाजाचा सौदा जवळून पाहायचा तर अजिंक्य रहाणेचे उदाहरण घ्यावे. नाशिक-पुणे रस्त्यावरच्या संगमनेर तालुक्यातले आश्वी खुर्द हे त्याचे जन्मगाव. क्रिकेट मात्र डोंबिवली आणि मुंबईचे. त्याने सहा कसोटींत भारताचे नेतृत्व केले. त्यांतल्या चार जिंकल्या, दोन अनिर्णित राहिल्या. संघनिवड एकट्या कर्णधाराची नसते, प्रशिक्षकाचा शब्दही तितकाच चालतो. धरमशाला येथे अनिल कुंबळे प्रशिक्षक होते, मेलबर्नला रवी शास्त्री. पण हार झाली असती तर नाव रहाणेचेच निघाले असते.

मार्च २०१७. ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका १-१ अशी बरोबरीत, आणि धरमशालाच्या शेवटच्या सामन्याआधी खांद्याच्या दुखापतीमुळे कोहली बाहेर. राखीव फलंदाज म्हणून श्रेयस अय्यरला बोलावून घेतले होते. फलंदाजाच्या जागी फलंदाज हा सरळ मार्ग होता. त्याऐवजी कुलदीप यादवला कसोटी पदार्पणाची संधी मिळाली. डाव्या हाताने मनगटी फिरकी टाकणारा गोलंदाज भारताकडून तोवर कसोटी खेळलाच नव्हता. पहिल्या दिवशी उपाहारानंतर ऑस्ट्रेलिया १ बाद १४४ वर होती. कुलदीपच्या चेंडूवर डेव्हिड वॉर्नरचा झेल स्लिपमध्ये रहाणेनेच घेतला, पाठोपाठ हँड्सकोंब आणि मॅक्सवेल त्रिफळाचीत झाले. कुलदीपने ६८ धावांत चार बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाचा डाव ३०० वर संपला.

कमी घेतलेल्या फलंदाजाची किंमत लगेच समोर आली. भारताची अवस्था ६ बाद २२१ झाली. तेव्हा रवींद्र जडेजा आणि वृद्धिमान साहा यांनी सातव्या बळीसाठी ९६ धावा जोडल्या, त्यामुळे ३२ धावांची आघाडी मिळाली. ती भागीदारी झाली नसती तर कुलदीपच्या निवडीवर आज वेगळेच लिहिले गेले असते. दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलिया १३७ वर आटोपली आणि भारत आठ गडी राखून जिंकला. शेवटी पॅट कमिन्सला लागोपाठ षटकार मारणारा फलंदाजही रहाणेच होता. एरवी त्याच्या वागण्यात असा आततायीपणा कधी दिसत नाही.

मेलबर्नचा निर्णय याहून कठीण होता. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारत ३६ धावांत बाद झाला, कोहली पितृत्वाच्या रजेवर मायदेशी परतला आणि शमीच्या हाताला दुखापत झाली. छत्तीसवर बाद झालेल्या संघाने फलंदाजी भक्कम करावी, असे कोणीही म्हणाले असते. कोहलीच्या जागी आला जडेजा. फलंदाज पुन्हा पाचच, गोलंदाजही पाच.

रहाणेने अश्विनला पहिल्याच तासात चेंडू दिला. मॅथ्यू वेड उंच फटका मारून जडेजाच्या हाती गेला आणि स्टीव्ह स्मिथ शून्यावर लेग साइडला पुजाराकडे झेल देऊन परतला. धावफलकावर ३ बाद ३८. ऑस्ट्रेलियाचा डाव १९५ वर संपला. भारत ५ बाद १७३ असताना रहाणे (११२) आणि जडेजा (५७) यांनी १२१ धावांची भागी केली. पाचव्या गोलंदाजाचे खरे काम दुसऱ्या डावात पडले. उमेश यादव चौथे षटक टाकताना पोटरी धरून बाहेर गेला. उरलेल्या चौघांनी शंभराच्या वर षटकांच्या त्या डावात ऑस्ट्रेलियाला २०० वर रोखले. तिथे उरलेले तिघेच असते तर बुमराह आणि पदार्पण करणारा सिराज यांचे काय झाले असते, हे सांगायला ज्योतिषी नको.

ब्रिस्बेनला जानेवारी २०२१ मध्ये बुमराह, अश्विन, जडेजा आणि विहारी हे चौघेही जखमी होते. तरी पाच गोलंदाजांचा हट्ट सुटला नाही. सिराज, सैनी, शार्दुल ठाकूर, नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर या पाचांचा मिळून कसोटी अनुभव चार सामन्यांचा होता. त्यांतला ठाकूरचा एकमेव सामना म्हणजे दहा चेंडू! संघाबरोबर कुलदीप होता, पण निवड सुंदरची झाली, कारण त्याला बॅट धरता येत होती. गॉलनंतर शिकलेला हा धडा. सैनी पहिल्याच डावात जखमी झाला. भारत ६ बाद १८६ असताना पालघरचा ठाकूर (६७) आणि सुंदर (६२) यांनी १२३ धावा जोडल्या. अखेरच्या दिवशी ३२८ धावांच्या पाठलागात रहाणेने मयांक अगरवालला मागे ठेवून ऋषभ पंतला पाचव्या क्रमांकावर पाठवले. पंत नाबाद ८९ वर राहिला आणि भारताने तीन गडी राखून सामना जिंकला.

एवढे झाले म्हणून पाच गोलंदाज घेणारा कर्णधार प्रत्येक वळणावर धाडसी असतोच असे नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये कानपूरला न्यूझीलंडविरुद्ध रहाणेकडे तीन फिरकीपटूंसह पाच गोलंदाज होते. चौथ्या दिवशी भारताची आघाडी अडीचशेच्या पुढे गेली तरी फलंदाजी चालूच राहिली. २८४ चे लक्ष्य देऊन डाव घोषित झाला तेव्हा त्या संध्याकाळी जेमतेम चार षटके टाकता आली. आदल्या संध्याकाळी एक आणि अखेरच्या दिवशी आठ, असे नऊ गडी बाद झाले. मग रचिन रवींद्र आणि मुंबईत जन्मलेला एजाज पटेल या शेवटच्या जोडीने अंधुक प्रकाशात ५२ चेंडू खेळून काढले. न्यूझीलंड ९ बाद १६५, लक्ष्यापासून ११९ धावा दूर. वीस बळी घेण्यासाठी पाच गोलंदाज जमवले, पण त्यांना आणखी दहा षटके द्यायला कर्णधार कचरला. घोषणा अर्धा तास आधी झाली असती तरी न्यूझीलंडला तो सामना जिंकण्याची संधी फारशी नव्हती.

पुढील लेखांक : डाव घोषित करण्याची वेळ