दोन डबे माल्ट आणि महिनाभर धीर

अमेरिकेत ऑनसाइट गेलेला मित्र वीकेण्डला किचनमध्ये काय शिजवत असतो? पावभाजी? बिर्याणी? छे, चक्क बिअर! माल्ट एक्स्ट्रॅक्टच्या पाकातून बिअर होते कशी आणि त्यात खरं कसब कुठे लागतं, त्याची ही फेसाळती गोष्ट...

बिअर घरी करतात म्हटलं, की आपल्याकडे दोन रिअ‍ॅक्शन्स हमखास येतात. पहिली, ‘काय सांगतोस!’ आणि दुसरी, जरा आवाज खाली आणून, ‘अरे, पण पोलीस?’ दोन्ही रास्त आहेत. पोलिसांचं नंतर बघू. आधी बिअरचं.

अमेरिकेत होमब्रुइंग हा सरळसाधा छंद आहे. कुणी गिटार वाजवतं, कुणी बागकाम करतं, तसं कुणी बिअर करतं. त्याच्या सामानाची खास दुकानं असतात. अशा दुकानात पहिल्यांदा शिरलेल्या माणसाच्या हातात दुकानदार बहुधा एकच गोष्ट ठेवतो : माल्ट एक्स्ट्रॅक्टचा डबा. आत काकवीसारखा दाट, तपकिरी, खमंग वासाचा पाक. बोटावर घेऊन चाटलात तर बिअर आठवणारच नाही, आठवेल लहानपणचं बोर्नव्हिटा. त्यातही माल्ट एक्स्ट्रॅक्ट असतंच की!

माल्ट म्हणजे काय रे भाऊ?

नाचणीसत्व माहितीये ना? नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, मग दळायची. माल्टचा फंडा तोच, फक्त नाचणीच्या जागी बार्ली, म्हणजे आपलं जव. मोड येताना दाण्यात एन्झाइम्स तयार होतात. असं माल्ट भरडून 65 ते 68 अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवलं, की हीच एन्झाइम्स दाण्यातल्या स्टार्चची साखर करतात. हाती येतं गोड पाणी. त्याला म्हणतात वर्ट.

हा तासभर मोठा नखरेल असतो. तापमान चार-पाच अंशांनी इकडेतिकडे झालं तर बिअर पातळ तरी होते नाही तर जडगोड. शिवाय मोठं भांडं हवं, गाळण्याची सोय हवी, चार-पाच किलो चोथा टाकायला जागा हवी. एक्स्ट्रॅक्ट बनवणारे कारखाने हे सगळं आपल्यासाठी करून ठेवतात. वर्ट कमी दाबाखाली आटवलं की पाक, पार वाळवलं की पावडर. आपण फक्त त्यात पाणी परत घालायचं.

म्हणूनच धान्यापासून सुरुवात करणारे कट्टर होमब्रुअर्स नाक मुरडतात. ‘एक्स्ट्रॅक्ट? म्हणजे चीटिंग!’ पण जरा थांबा. एक्स्ट्रॅक्टने गाळली ती एक पायरी. पुढच्या सगळ्या पायऱ्या दोघांनाही सारख्याच चढाव्या लागतात. आणि बिअर बिघडते ती बहुतेक वेळा या पुढच्या पायऱ्यांवरच!

चला, गॅस पेटवा

घरगुती बॅच साधारण 5 गॅलनची, म्हणजे 19 लिटरची. त्यासाठी दीड-दीड किलोचे दोन डबे पुरतात. चवीला जरा खोली हवी असेल तर थोडं भरडलेलं क्रिस्टल माल्ट मलमलच्या पुरचुंडीत बांधून गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायचं. बिर्याणीत मसाल्याची पोटली सोडतो, अगदी तस्संच.

मग पुरचुंडी काढायची, गॅस बंद करायचा आणि मगच पाक ओतायचा. पेटत्या गॅसवर ओतलात तर तो तळाला बसतो, करपतो आणि करपट चव शेवटच्या बाटलीपर्यंत पिच्छा सोडत नाही. पूर्ण विरघळला की पुन्हा उकळी. इथे भांड्यासमोरून हलायचं नाही. वर्ट दुधासारखं क्षणात उतू जातं आणि दुधापेक्षा दसपट चिकट असतं!

उकळी फुटली की हॉप्स. ही एका वेलीची शंकूसारखी हिरवी फुलं. 30 ग्रॅमच्या आसपास सुरुवातीलाच टाकली आणि तासभर उकळली की कडवटपणा येतो. तेवढीच शेवटच्या पाच मिनिटांत टाकली की कडूपणा कमी आणि वास जास्त. फोडणीत घातलेली कोथिंबीर आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर, यातला फरक आठवा.

तासाभराने भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून झटपट गार करायचं, गार पाण्याने 19 लिटर पुरं करायचं आणि वर 11 ग्रॅम कोरडं यीस्ट सोडायचं. झाकणावर एअरलॉक लावायचा. आतला वायू बुडबुडत बाहेर पडतो, पण बाहेरची हवा आत शिरत नाही.

इथे तुमचा रोल संपला. यापुढे बिअर यीस्ट करतं.

लोणच्याचा नियम

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला तर आजी काय करायची? घर डोक्यावर घ्यायची! होमब्रुइंगमध्ये तो चमचा म्हणजे गार झालेल्या वर्टला लागणारी प्रत्येक वस्तू. उकळी असेपर्यंत जंतूंची डाळ शिजत नाही. पण एकदा वर्ट गार झालं, की बादली, नळी, पळी, झाकण, बाटल्या, सगळं आधी घासलेलं आणि मग सॅनिटायझरमधून काढलेलं हवं. घासणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं. कळकट भांड्यावर सॅनिटायझर ओतून काहीही होत नाही. चुकलात तर बिअर आंबट किंवा कुबट होते. सहसा कुणी आजारी पडत नाही, पण 19 लिटर मात्र सिंकमध्ये जातात.

दुसरा नियम तापमानाचा. नेहमीच्या एल यीस्टला 18 ते 20 अंश मानवतात. 25च्या वर गेलं की बिअरला उग्र, सॉल्व्हंटसारखा वास यायला लागतो. शिवाय यीस्ट कामाला लागलं की स्वतःही उष्णता सोडतं. फ्रिज रिकामा नसलेले होमब्रुअर्स बादली पाण्याच्या टबात ठेवतात, तिला ओला टी-शर्ट घालतात आणि पंखा लावतात. माठाला ओलं फडकं गुंडाळणाऱ्या माणसाला यात नवीन ते काय?

तिसरा नियम सगळ्यात अवघड : थांबणं. बुडबुडे थांबले म्हणजे काम झालं, असं नसतं. हायड्रोमीटरने वर्टची घनता मोजायची. दोन डब्यांच्या बॅचला ती सुरुवातीला 1.047च्या आसपास असते आणि साखर संपत जाते तशी 1.012पर्यंत उतरते. म्हणजे अल्कोहोल साधारण साडेचार टक्के. हा आकडा लागोपाठ तीन दिवस हलला नाही, तरच बाटल्या भरायच्या. त्याला दोन आठवडे लागतात.

बाटल्या भरताना पूर्ण बॅचला सव्वाशे ग्रॅमच्या आत साखर उकळून घालायची. उरलेलं यीस्ट ती खाऊन बंद बाटलीत फेस तयार करतं. घाईत आधीच बाटल्या भरल्या किंवा ‘फेस जास्त येऊ दे’ म्हणून साखरेचा हात सैल सोडला, तर बाटली चक्क फुटते. काचांसकट! होमब्रुअर्स तिला बॉटल बॉम्ब म्हणतात आणि ते गमतीने म्हणत नाहीत. नीट झालं तर 355 मिलिलिटरच्या पन्नासेक बाटल्या आणि अजून दोन आठवडे वाट पाहणं.

चौकट : डबा घेताना

• तारीख बघा. पाक जुना झाला की गडद होतो आणि बिअरला शिळी, कॅरॅमलसारखी चव देतो. पावडर जास्त टिकते.
• फिक्या रंगाची बिअर हवी? अर्धं एक्स्ट्रॅक्ट उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत घाला.
• बाटल्या तपकिरीच घ्या. उजेडाने हॉप्सचा वास बिघडतो.
• स्वस्तात मस्त म्हणून निम्मा माल्ट काढून साधी साखर घालू नका. बिअर पाणचट लागते.

आता पोलिसांचं!

अमेरिकेतही हा छंद कायम कायदेशीर नव्हता. 1920 ते 1933 या दारूबंदीच्या काळात ब्रुअरीज बंद पडल्या, तेव्हा त्यांच्यापैकी काहींनी माल्टचा पाक डब्यात भरून विकला. वर सांगायचं, ब्रेडसाठी आहे हो! किती ब्रेड भाजले गेले, ते घेणाऱ्यांनाच ठाऊक. दारूबंदी उठली तेव्हा घरी वाइन करायला मुभा मिळाली, बिअरला मात्र नाही. ती मिळायला ऑक्टोबर 1978 उजाडला. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि फेब्रुवारी 1979पासून एका प्रौढाला वर्षाला 100 गॅलन, तर दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला 200 गॅलन बिअर करायची परवानगी मिळाली. विकायची नाही, फक्त प्यायची. दारू गाळणं यात बसत नाही. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी तर 2013 साली होकार दिला.

त्या सहीने काय झालं? तेव्हा अख्ख्या अमेरिकेत शंभरही ब्रुअरीज उरल्या नव्हत्या. आज नऊ हजारांहून जास्त आहेत. कॅलिफोर्नियातल्या चिकोमध्ये होमब्रुइंगच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या केन ग्रॉसमन यांनी 1980 साली सिएरा नेवाडाची पहिली बिअर केली. शाळामास्तर चार्ली पपेझियन यांनी 1978 साली बोल्डरमध्ये होमब्रुअर्सची संघटना काढली आणि 1984 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकावर पुढच्या पिढ्या शिकल्या. सुरुवात मात्र घराघरांतल्या किचनमध्ये झाली होती, तीही बऱ्याचदा डब्यातल्या पाकानेच.

आणि आपल्याकडे? उत्तर सरळ आहे. मूळच्या 1949च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात लायसन्सशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे, अगदी स्वतःपुरती एक बाटली असली तरी. त्यात बिअरही आली. तेव्हा मित्राला ‘येताना एक किट घेऊन ये’ असा मेसेज टाकायच्या आधी दहादा विचार करा. ताज्या बिअरची चव हवी असेल तर लायसन्सवाल्या मायक्रोब्रुअरीज आहेत. पुण्यात 2009 साली डूलालीने सुरुवात केली, तेव्हापासून हा ट्रेंड चांगलाच रुजलाय. तिथल्या ब्रुअरला एकदा विचारा, ‘दिवसभर काय करता हो?’ बहुधा उत्तर येईल, ‘भांडी घासतो!’

आणि तुम्ही स्वतःच वर्ष-दोन वर्षं तिकडे चालला असाल, तर दोन डबे, एक मोठं भांडं आणि आजीची शिस्त सोबत ठेवा. चीअर्स... पण महिन्याभराने!