हातगुणाचा प्रवाद

शहरांतील सदनिकांमधून कुंड्या वाढल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर एक जुना प्रवादही टिकून राहिला आहे. ‘अमक्याच्या हाताला झाड लागत नाही’ हा तो प्रवाद. हौसेने आणलेले रोप महिन्याभरात माना टाकते आणि खापर फुटते ते नवख्या माणसाच्या हातगुणावर. रोप तुळशीचे असेल तर गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. तुळस जळणे हे घरावरील अरिष्टाचे लक्षण मानणारी माणसे अजून आहेत, आणि अशा वेळी बोल लागतो तो घरातल्या बाईला. ती नवी सून असेल तर पाहायलाच नको. झाडाच्या मरणाची कारणे कुंडीत शोधावयाची सोडून ती सुनेच्या पायगुणात शोधणे हा शुद्ध अन्याय आहे.

तुळशीला रोज ५-६ तास ऊन लागते. अंगणातील वृंदावनात ते तिला अनायासे मिळे. आता ती जाळ्या आणि काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत किंवा स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभी असते. भर दुपारी उघड्यावरचा प्रकाश सुमारे १ लाख लक्स भरतो. खिडकीपासून ८-१० फूट आत तो काही शेकड्यांवर येतो. माणसाच्या डोळ्याची बाहुली विस्फारते आणि हा फरक लपवते, म्हणून खोली आपल्याला लख्ख वाटते. पानाला अशी सोय नाही. शिवाय तुळस मुळात अल्पायुषी. मंजिऱ्या पिकल्या की ती काष्ठमय होते आणि काही वर्षांत ओसरते. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर मुदत थोडी वाढते, इतकेच.

सावलीत तगणारी झाडेही नवख्याच्या घरी दगावतात, ती बहुधा पाण्याच्या अतिरेकाने. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधील पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की प्राणवायू मिळेनासा होतो आणि मुळे कुजू लागतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. साहजिकच पाने मलूल होतात. गोम आहे ती इथे. तहानलेले झाड आणि गुदमरलेले झाड वरून अगदी सारखे दिसते, आणि पाहणारा कनवाळूपणे आणखी एक तांब्या ओततो. आषाढ-श्रावणात, हवाच ओलीचिंब असताना, मातीतली ओल अनेक दिवस हटत नाही. तरीही सकाळी पाणी घालण्याचा नेम चुकत नाही. बोट दोन पेरांपर्यंत मातीत खुपसून ओल पाहणे हा यावरचा उपाय. त्याला पैसा पडत नाही. जुन्या मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपून उडून जाई. प्लॅस्टिकच्या कुंडीला तो गुण नाही, आणि शोभेच्या कुंड्यांना तर पुष्कळदा तळाशी छिद्रही नसते!

यात विक्रेत्यांचा वाटा लहान नाही. उरुळी कांचनसारख्या ठिकाणच्या रोपवाटिकांत रोपे दमट, मोकळ्या उजेडात वाढतात. तेथून ती एकदम पंख्याखालच्या कोपऱ्यात येतात. कोकोपीटमध्ये वाढवलेल्या रोपाचा वरचा थर कोरडा दिसला तरी आत ओल धरलेली असते. ‘रोज थोडे पाणी घाला’ एवढ्या उपदेशावर गिऱ्हाइकाची बोळवण करण्याऐवजी किती ऊन आणि किती दिवसांनी पाणी, हे दोन शब्द चिठ्ठीवर लिहून देणे काही अवघड नाही. त्याऐवजी ही झाडे घरातली हवा शुद्ध करतात ही जाहिरात मात्र आवर्जून होते. १९८९ साली ‘नासा’ने बंदिस्त पेटीत केलेल्या प्रयोगांवर ती उभी आहे. अशा प्रयोगांचा २०१९ साली फेरआढावा घेतला गेला, तेव्हा खिडक्यांतून होणाऱ्या वायुवीजनाची बरोबरी करण्यास चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील असे दिसून आले. एवढी झाडे लावल्यावर माणसांनी राहायचे कुठे?

नवख्याने प्रारंभ करावा तो मनीप्लांटने. पॉलिनेशियातील मोरेआ बेटावरचा हा मूळचा जंगली वेल, मोठ्या वृक्षांच्या सावलीत चढण्याची त्याला सवय आहे. तो चोरून आणला तरच फळतो अशी एक गमतीदार समजूत आपल्याकडे आहे. तीत तथ्य असेल तर एवढेच, की शेजाऱ्याकडचा वेल आपल्याच वस्तीतल्या हवेला आणि उजेडाला सरावलेला असतो. अर्थात चोरी न करता मागितला तरी शेजारी नाही म्हणत नाही. एक पेर आणि एक पान असलेला तुकडा पाण्याच्या बाटलीत, खिडकीजवळ ठेवावा. काही आठवड्यांत पेरापाशी पांढरी मुळे दिसू लागतात.