वाचनालयातला संगणक आणि आपण
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आज आपण बोलणार आहोत वाचनालयाबद्दल आणि तिथल्या संगणकाबद्दल. ‘आम्हाला पुस्तक मिळालं म्हणजे झालं, संगणकाशी आमचा काय संबंध?’ असं गटाच्या बैठकीत बऱ्याच जणी म्हणतात. पण पुस्तक मिळतं का, हाच तर प्रश्न आहे. गिरणीत दळण ठेवून बाई दहा मिनिटं वाचनालयात डोकावते. पुस्तक आहे का, कोणी नेलंय, परत कधी येणार, हे सांगायला ग्रंथपालांना तीन वह्या चाळाव्या लागतात. तेवढ्यात दळण होतं आणि बाई रिकाम्या हातानं घरी जाते. असं दोनदा झालं, की तिसऱ्यांदा ती येतच नाही.

वाचकाचा वेळ वाचवा, हे ग्रंथालयशास्त्राचं जुनंच तत्त्व आहे. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयांसाठी पाच सूत्रं मांडली, त्यातलं हे चौथं. त्यांचा १२ ऑगस्ट हा जन्मदिवस आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. संगणक आला तो हे काम सोपं करायला.

तो नेमकं काय करतो, हे आपल्या गटाच्या हिशेबावरून समजून घेऊ. एका बाईनं शंभर रुपये भरले, की आपण ते तिच्या पासबुकात लिहितो, गटाच्या खात्यात लिहितो आणि रोजकीर्दीतही लिहितो. आकडा एकच, लिहायचा तीनदा. वाचनालयाचंही तसंच. नवं पुस्तक आलं, की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो. मग ते विषयाच्या यादीत चढतं, लेखकाच्या यादीत चढतं. कोणी नेलं, की देवघेवीच्या वहीत पुन्हा नोंद. संगणकात मात्र पुस्तकाची माहिती एकदाच भरायची. मग ती लेखकाच्या नावानं शोधा, विषयानं शोधा किंवा पुस्तकाच्या नावानं शोधा, नोंद तीच समोर येते. पुस्तक बाहेर गेलं असेल तर तेही तिथंच दिसतं.

पुस्तकावर काळ्या रेघांची पट्टी चिकटवलेली असते, तिला बारकोड म्हणतात. त्यात गोष्ट भरलेली नसते, फक्त पुस्तकाचा क्रमांक असतो. यंत्राचा लाल उजेड त्यावर फिरला, की क्रमांक वाचला जातो आणि संगणक ती नोंद उघडतो. किराणा दुकानात बिल होतं ना, तसंच.

यासाठी लागणाऱ्या प्रणाली महागच असतात असं नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं ‘ई-ग्रंथालय’ तयार केलं आहे. ‘कोहा’ नावाची दुसरी एक प्रणाली न्यूझीलंडमधल्या ग्रामीण भागातल्या ग्रंथालयासाठी तयार झाली आणि २००० सालापासून वापरात आहे. तीही मोफत मिळते. कोहा हा तिथल्या माओरी भाषेतला शब्द आहे, त्याचा अर्थ भेट. आपल्याकडचा आहेर म्हणा.

पण मराठी पुस्तकांची एक अडचण आहे. काही ठिकाणी याद्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. दिसायला मराठी, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरांचे संकेत. अशा यादीत मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून कितीही शोधा, काही सापडत नाही. म्हणून नोंदी ‘युनिकोड’ मराठीतच हव्यात. शोधणारीनंही थोडं चतुर असावं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी पुस्तक ‘नाही’ असं उत्तर येतं. तेव्हा लांबलचक नाव लिहू नये. ‘शेळीपालन’ एवढा एकच शब्द किंवा लेखिकेचं फक्त आडनाव लिहून पाहावं.

आता घरबसल्या वाचण्याविषयी. आयआयटी खरगपूर सांभाळत असलेलं ‘नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ २०१८ साली देशाला अर्पण झालं. तिथं मोफत नाव नोंदवता येतं. शाळा-कॉलेजात शिकणाऱ्या आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलींना त्याचा मोठा उपयोग आहे. मराठी विश्वकोशही मोबाइलवर मोफत वाचता येतो. दृष्टिहीनांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ आहे, तिथं कानांनी ऐकायची पुस्तकं मिळतात.

लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपतो आणि ते सगळ्यांचं होतं. लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली गेल्या, म्हणून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ आज कोणीही मोफत वाचायला देऊ शकतं. पण हयात लेखिकेच्या पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरते, ती चोरीच. आपल्या गटाचं लोणचं कोणी फुकट वाटलं तर आपल्याला चालेल का?

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. देवघेवीची वही टेबलावर उघडी असते. आपल्या नावाच्या वरच्या ओळीत कोणी काय नेलं, ते कोणालाही वाचता येतं. घटस्फोटाच्या कायद्याचं किंवा बायकांच्या आजारांचं पुस्तक हवं असलं, तरी बाई ते मागत नाही, ती याच भीतीनं. संगणकात ही नोंद पासवर्डमागे ठेवता येते. पण ती आपोआप राहत नाही. पडदा येणाऱ्या-जाणाऱ्याकडे वळवलेला असेल, पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असेल, तर वहीच बरी होती म्हणायची वेळ येते. आपला मोबाइल नंबर कोणाला दिसतो, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळतं, म्हणजे त्यात आपलाही पैसा आहे. तरी कित्येक ठिकाणी संगणक कापडाखाली झाकलेला असतो. माहिती भरायला माणूस नसतो आणि ग्रंथपालांचं मानधन तुटपुंजं असतं. इथं आपण हात लावू शकतो. एमएस-सीआयटी झालेल्या मुली प्रत्येक गटात आहेत. तीन हजार पुस्तकं असतील आणि दोघींनी रोज तीस-तीस नोंदी केल्या, तर पन्नास दिवसांत काम होतं. त्यांना मेहनताना मिळावा, असं कार्यकारी मंडळाला सांगू या. जुनी दाखल नोंदवही मात्र रद्दीत घालू द्यायची नाही. वीज गेली, संगणक बिघडला, तर तीच आधार. भरलेल्या माहितीची एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवरही हवी.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात वाचनालयात जा आणि चार प्रश्न विचारा. पुस्तकांची यादी संगणकावर आहे का? ती मराठीतून शोधता येते का? माझी नोंद कोण पाहू शकतं? आणि बायकांना सोयीची वेळ कोणती ठेवली आहे? चौथ्या प्रश्नाचं उत्तर संगणक देणार नाही, ते आपल्यालाच मागून घ्यावं लागेल. एकटीनं जाऊ नका, चौघी मिळून जा. सभासद नसाल तर येताना पावती घेऊनच या.