विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी व वर्गातील मूल

वऱ्हाडातील मनुष्यास पाण्याचा धोका समजावून सांगावा लागत नाही. अकोला व अमरावती जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही काठांस पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी जिभेवर ठेवताच ते कसे आहे हे कळते. परंतु काही धोक्यांची चव लागत नाही व खूणही दिसत नाही. मनुष्य धडधाकट असतो, वखर हाकतो, आणि तरीही आपल्या अपत्यास जडू शकणारा आजार रक्तात घेऊन वावरत असतो. सिकलसेल हा त्यांपैकीच एक होय. मेळघाटातील धारणी व चिखलदरा या तालुक्यांत तो आढळतोच; पण हा केवळ डोंगरातला, आदिवासींचा आजार आहे ही समजूत चुकीची आहे. विदर्भाच्या सपाट मुलुखातही अनेक जातिजमातींत त्याचे वाहक आहेत.

निरोगी मनुष्याच्या तांबड्या रक्तपेशी वाटोळ्या व लवचीक असून त्या सुमारे १२० दिवस टिकतात. सिकलसेलच्या रुग्णात त्यांतील हिमोग्लोबिन सदोष असते. प्राणवायू कमी पडला की ते ताठरते आणि पेशी विळ्यासारखी वाकते. अशी पेशी दहा-वीस दिवसांतच नाश पावते, म्हणून मूल पांढुरके पडते व डोळे पिवळसर दिसतात. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या म्हणजे हाडांत व पोटात असह्य वेदना उठतात. शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतात १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत त्या आढळल्याची नोंद झाली. ज्यास हा दोष आई-बाप दोघांकडूनही मिळतो तो रुग्ण, व एकाकडूनच मिळतो तो वाहक. वाहकास सहसा काहीच त्रास होत नाही. उलट प्राणघातक हिवतापापासून त्याला काहीसे संरक्षण लाभते. पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाने गांजलेल्या रानावनांत हा दोष टिकून राहिला, तो याच कारणाने. तेव्हा यात कोणाचे पाप नाही, कुळाला लांछनही नाही.

दोघेही वाहक असलेल्या दांपत्याचे काय होते, हे वर्गात तुरीच्या व ज्वारीच्या दाण्यांनी सहज दाखविता येते. तुरीचा दाणा म्हणजे दोष, ज्वारीचा म्हणजे निर्दोष गुण, असे ठरवावे. दोन विद्यार्थ्यांच्या मुठीत तुरीचा एक व ज्वारीचा एक असे दाणे द्यावेत, आणि तिसऱ्याने न पाहता प्रत्येक मुठीतून एकेक दाणा उचलावा. दोन्ही तुरीचे निघाले तर मूल रुग्ण, एक तुरीचा व एक ज्वारीचा निघाला तर वाहक, दोन्ही ज्वारीचे निघाले तर दोषमुक्त. पुष्कळ वेळा दाणे उचलून पाहिले की रुग्ण निघण्याचा संभव चारात एक व वाहक निघण्याचा चारात दोन आहे, हे मुलांच्या आपोआप लक्षात येते. येथे एक गैरसमज मात्र मुद्दाम दूर केला पाहिजे. पहिले अपत्य आजारी निघाले म्हणून पुढली तीन निर्वेध होतील असे नव्हे. दाणे दर खेपेस मुठीत परत जातात. प्रत्येक गर्भाच्या वेळी तोच संभव नव्याने उभा राहतो.

रुग्ण मूल वर्गात ओळखू येते ते बहुधा हजेरीपटावरून. वारंवार गैरहजर राहणारे, खेळाच्या तासाला लवकर दमणारे, थंडीत किंवा पावसात भिजल्यावर हातपाय दुखतात म्हणून रडणारे मूल आळशी ठरविले जाते व कधी छडीही खाते. मूल लहान असता हातापायांचे पंजे सुजत असत काय, हे आईला विचारावे. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळास तापल्या लोखंडाने डाग देण्याची, म्हणजे डंबा देण्याची, चाल अजून समूळ गेलेली नाही. त्या चटक्याने प्लीहेची सूज उतरत नाही, जखम मात्र चिघळते. भगताला शिव्या देऊन हे थांबत नाही. घरच्यांचा विश्वास मिळवून मूल प्राथमिक आरोग्य केंद्रात नेणे हाच खरा मार्ग होय.

तेथे रक्ताच्या काही थेंबांवर पहिली चाचणी होते. द्रावण गढूळ राहिले तर रक्तात सदोष हिमोग्लोबिन आहे एवढेच समजते. मूल वाहक की रुग्ण हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे घटक वेगळे करणारी दुसरी तपासणी लागते, व ती होईपर्यंत घरच्यांना काहीही निश्चित सांगू नये. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्या वेळी अशा मुलांची नावे त्यास द्यावीत. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले असून, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे.

रुग्ण ठरलेल्या मुलास वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी व लघवीस जाण्यास कधीही अडवू नये. उन्हात धावण्याची सक्ती नसावी. लोहाच्या गोळ्या शाळेत वाटताना त्याला डॉक्टरांना विचारल्याखेरीज देऊ नयेत. ताप मात्र साधा समजू नये. प्लीहा निकामी झाल्याने जंतुसंसर्ग झपाट्याने बळावतो. म्हणून ताप, धाप किंवा छातीत कळ दिसताच मुलास त्याच दिवशी दवाखान्यात पोहोचवावे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतल्यास वेदनेचे झटके पुष्कळ कमी होतात.

वाहक मुलामुलींस औषध लागत नाही, पण त्यांचा तपासणीचा कागद विवाह ठरविताना मोलाचा ठरतो. तो शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर जपून ठेवण्यास पालकांस सांगावे. निकाल मात्र वर्गात वाचून दाखवू नये व फळ्यावर लिहू नये. मुलीचा निकाल गावात फुटला, तर पुढे तिच्या सोयरिकीत तो आडवा येतो आणि शेजारची घरे तपासणीला पुढे येईनाशी होतात.