कानातल्या गोगलगाईचा फोटो

तुमच्या दोन्ही कानांत एकेक गोगलगाय बसलेली आहे. अरे अरे, काडी घालून शोधू नका! ती फार आत आहे आणि खरी गोगलगाय नाहीच. अडीच वेटोळ्यांची, जेमतेम वाटाण्याएवढी, पाण्यासारख्या द्रवाने भरलेली नळी ती. नाव कर्णावर्त. आवाज आला की आतलं पाणी डुचमळतं, हजारो केसाळ पेशी डोलतात आणि मेंदूला निरोप जातो : आई जेवायला बोलावतेय!

आपल्या रक्तात रोगजंतूंशी लढणारे शिपाई असतात, ठाऊक आहे ना? क्वचित ते बिथरतात आणि घरच्याच माणसांवर धावून जातात. कधी तर या गोगलगाईवरच! मग ती सुजते आणि ऐकू येणं कमी होतं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणा ना! अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले कानाचे डॉक्टर ब्रायन मॅककेब यांनी १९७९ साली असे १८ रुग्ण जगापुढे मांडले. शिपायांना शांत करणारी औषधं दिल्यावर त्यांना बरं ऐकू येऊ लागलं. आतल्या कानाचा बहिरेपणा औषधाने हटतो? तेव्हा हे नवलच होतं.

पण आत सूज आहे की नाही, बघायचं कसं? गुडघा सुजला तर दिसतो. ही गोगलगाय शरीरातल्या सगळ्यात टणक हाडात दडलेली. उघडून बघायला जावं, तर उरलंसुरलं ऐकणंही जायचं.

इथे एमआरआय कामाला येतो. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुकच्या पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये या तंत्राचं पहिलं चित्र छापलं, ते कशाचं होतं माहितीये? पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांचं! आणि आपली गोगलगाय तरी दुसरं काय आहे? एमआरआयच्या फोटोत ती वेटोळ्यांसकट पांढरीशुभ्र उमटते.

सूज शोधायला मात्र आणखी एक युक्ती लागते. दंडाच्या शिरेतून गॅडोलिनियम असलेलं औषध टोचतात. धडधाकट कानातल्या रक्तवाहिन्या ते सहसा बाहेर सांडू देत नाहीत. सुजलेल्या जागी ते पाझरतं आणि फोटोत ती जागा चमकते. कधी आजार असूनही काहीच चमकत नाही, मग डॉक्टर पुन्हा ऐकण्याच्या चाचणीकडे वळतात. त्याच फोटोत कानाच्या नसेवर गाठ तर नाही ना, हेही बघून घेतात.

आणि हे यंत्र स्वतः कसं आहे? ठक-ठक-ठक, घर्रर्र! शंभर डेसिबलच्याही वर गोंगाट. म्हणून कानाचा फोटो काढायला आलेल्या माणसाच्या कानात आधी बोळे घालतात.