वऱ्हाडातल्या तारा (लेखांक ७) : दुसरा चॅनल कधी उचलायचा?

मागच्या लेखांकात आयएसडीएनची (डिजिटल टेलिफोनची) लाइन एक्स्चेंजपासून भिंतीवरच्या एनटी-१ डब्यापर्यंत आली. तांब्याची साधी जोडी, पण तिच्यावर ६४ केबीपीएसचे दोन बी चॅनल आणि १६ केबीपीएसचा एक डी चॅनल. ही तार साधारण साडेपाच किलोमीटरपर्यंतच भरवशाची. अमरावतीहून बडनेरा दहाएक किलोमीटर, म्हणजे जवळ एक्स्चेंज असल्याशिवाय ही सोय तिथे मिळत नसे. आता दोन्ही बी चॅनल एकत्र कसे जुंपायचे ते पाहू.

लाइन घेतली की १२८ केबीपीएसचा वेग आपोआप मिळतो, असे सहज वाटते. तसे नसते. संगणकाला लाइनशी जोडणाऱ्या अ‍ॅडॉप्टरने नंबर फिरवला की एकच चॅनल लागतो. दुसऱ्यासाठी दुसरा कॉल करावा लागतो. विंडोज ९८ मध्ये डायल-अप जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये मल्टिलिंकचे पान असे. तिथे जादा उपकरण म्हणून अ‍ॅडॉप्टरची दुसरी लाइन घालायची, आणि नंबर तोच ठेवायचा.

पुढचे काम मल्टिलिंक पीपीपीचे. त्याचे १९९६चे प्रमाण आरएफसी १९९० या क्रमांकाने ओळखले जाते. एका पाकिटाचे तुकडे करून प्रत्येकावर क्रमांक घालायचा, तुकडे दोन्ही चॅनलवर वाटून द्यायचे आणि पलीकडे क्रमाने पुन्हा जुळवायचे. म्हणूनच पलीकडच्या सर्व्हरलाही मल्टिलिंक समजले पाहिजे. पहिला चॅनल लागतो आणि दुसरा लागताच सुटतो, अशी तक्रार आली की अ‍ॅडॉप्टर खोलून पाहण्याआधी इंटरनेट सेवेकडे चौकशी करावी. खात्यावर एका वेळी एकाच जोडणीची परवानगी असेल, तर त्याच नावाने आलेला दुसरा कॉल सर्व्हर नाकारतो. सेवेकडे अनेक सर्व्हर असतील आणि दुसरा कॉल वेगळ्याच सर्व्हरवर गेला, तर त्या सर्व्हरांची आपापसात तशी व्यवस्था असल्याखेरीज दोन्ही कॉल जुळत नाहीत.

आता मीटर. दोन चॅनल म्हणजे दोन कॉल, म्हणून दुप्पट बिल, असा हिशेब लोक घालत. तो अर्धाच खरा. वर्तमानपत्राच्या पानाची ३ एमबीची फाइल ६४वर साडेसहा मिनिटांच्या आसपास घेईल, १२८वर सव्वातीन. दोन मीटर, पण निम्मा वेळ. पल्सचा थोडा फरक सोडला तर खर्च जवळपास तेवढाच. पैसे खरे जातात ते पान वाचत बसल्यावर, दोन्ही चॅनल रिकामे चालू राहिले की. त्यामुळे ‘सगळे एकदम डायल करा’ऐवजी ‘गरजेप्रमाणे’ हा पर्याय मला मोलाचा वाटतो. विंडोज एक्सपीत त्याच्या अटीही ठरवता येत: वापर ७५ टक्क्यांवर दोन मिनिटे राहिला तर दुसरा चॅनल उचलायचा, १० टक्क्यांखाली दोन मिनिटे राहिला तर सोडायचा. हेच आकडे मुळात भरलेले असत, बदलायचे तर बदला.

घरी फोनही याच लाइनवर असेल तर आणखी एक सोय तपासा. दोन्ही चॅनल इंटरनेटला लागलेले असताना बाहेरून कॉल आला, तर तो आल्याची खबर डी चॅनलवरून येऊ शकते. अ‍ॅडॉप्टरमध्ये सोय असेल तर तो एक चॅनल सोडून फोनला देतो, इंटरनेट ६४वर चालू राहते आणि बोलणे संपल्यावर दुसरा चॅनल पुन्हा उचलता येतो.

अनेक चॅनल एकत्र जुंपण्याच्या तत्त्वावरच व्हिडिओ कॉन्फरन्सही चालत. साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सने नोंदवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २००३ रोजी महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात दिला. त्या काळात बरे चित्र हवे असेल तर ३८४ केबीपीएस धरत, म्हणजे तीन आयएसडीएन लाइन आणि सहा बी चॅनल. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि अमरावतीचे विद्यापीठ असे जोडायचे म्हटले, तर अंतर शंभरेक किलोमीटरचे, म्हणजे सहा एसटीडी कॉल एकाच वेळी. इथे ‘गरजेप्रमाणे’चा उपयोग नाही, चित्र सतत सहाही चॅनल मागते. बैठक संपल्यावर मात्र प्रत्येक लाइनचे दिवे पाहून सहाही कॉल खरोखर सुटल्याची खात्री करायची. एखादा चालू राहिला, तर पुढच्या बिलापर्यंत कळत नाही.