डेक, अ‍ॅम्प्लिफायर आणि दरवाजा : मोटारीतील ध्वनिजोडणीची कारागिरी

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारीतील ध्वनियंत्रणा गाडीच्या एकूण किमतीच्या हिशेबात बसवलेली असते, आणि स्वस्त व मध्यम किमतीच्या गाड्यांत काटकसरीची कात्री बहुधा याच यंत्रणेवर चालते; पातळ कागदी पडद्याचे, लहान चुंबकाचे स्पीकर त्यातूनच दारांत येऊन बसतात. ही उणीव भरून काढण्यासाठी गाडीत बाहेरून स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि सब-वूफर, म्हणजे खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर, बसवण्याचा जो व्यवसाय उभा राहिला, तो वरवर पाहणाऱ्याला निव्वळ दुकानदारी वाटतो. प्रत्यक्षात मात्र त्यात विद्युततंत्र, ध्वनिशास्त्र, सुतारकाम आणि गाडीच्या अंतर्भागाची सजावट अशा चार विद्या एकत्र येतात. मुंबईच्या ऑपेरा हाउस परिसरातील दुकानांपासून तालुक्याच्या गावातील एका गाळ्याच्या फिटरपर्यंत ही कारागिरी चालते, आणि तिचा बारकाईने विचार केला तर असे दिसते, की गाडीतील आवाजाची प्रत उपकरणांच्या किमतीपेक्षा त्यांच्या जोडणीवर अधिक अवलंबून असते.

या कारागिरीचा उगम मोटार-रेडिओच्या उगमाइतकाच जुना आहे, कारण अमेरिकेत बाजारात यशस्वी ठरलेला पहिला मोटार-रेडिओ मुळात तयार गाडीत नंतर बसवण्याची वस्तू होती. शिकागो येथील पॉल आणि जोसेफ गॅल्विन या बंधूंच्या कंपनीने १९३० साली ‘मोटोरोला’ या नावाने तो विक्रीस आणला. रेडिओ, स्पीकर आणि त्यांना लागणाऱ्या जादा बॅटऱ्या गाडीत वेगवेगळ्या ठिकाणी बसवाव्या लागत, आणि इंजिनाच्या ठिणग्यांमुळे निर्माण होणारी खरखर दाबण्यासाठी प्रज्वलनाच्या तारांवर विशेष उपाय करावे लागत. युरोपात १९३२ साली जर्मनीच्या ब्लाउपुंक्टने मोटार-रेडिओ आणला. पुढे १९६३ साली फिलिप्सची कॅसेट आणि १९८४ साली पायोनियरचा गाडीतील सीडी प्लेअर आला. साधने अशी बदलत गेली, तरी गाडीच्या विद्युतव्यवस्थेचा आवाज संगीतात शिरू द्यायचा नाही, हा १९३० सालचा प्रश्न आजच्या फिटरपुढेही तसाच उभा आहे.

डॅशबोर्डमधील वादनयंत्राला या व्यवसायात ‘डेक’ म्हणतात. डेकच्या खोक्यावर ‘५० वॉट गुणिले ४’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, आणि इतकी शक्ती हाताशी असताना वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरची, म्हणजे ध्वनिसंकेताची शक्ती वाढवणाऱ्या यंत्राची, गरज काय, अशी शंका गिऱ्हाइकाच्या मनात साहजिकच येते. तिचे उत्तर साध्या गणितात आहे. इंजिन चालू असताना गाडीतील विद्युतदाब सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत जातो आणि गाडीच्या स्पीकरचा विद्युतरोध सहसा ४ ओहम असतो; व्होल्टचा वर्ग करून त्याला ओहमने भागले की ५१.८ वॉट हा आकडा मिळतो आणि खोक्यावर छापला जातो तो हाच. परंतु हा आकडा लहरीचा माथा पूर्णपणे सपाट झालेल्या, म्हणजे ऐकण्यालायक न राहिलेल्या आवाजाचा आहे. शुद्ध लहरीसाठी तो निम्मा, म्हणजे सुमारे २६ वॉट होतो, आणि डेकच्या आतील चिपमध्ये होणारी घट वजा जाता हाती येतात ते १८ ते २० वॉट. त्यापलीकडे आवाज चढवला की लहरीचे माथे छाटले जातात. यालाच फिटरच्या भाषेत ‘आवाज फाटणे’ म्हणतात.

स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर ही मर्यादा ओलांडतो, कारण गाडीचे १२ व्होल्ट आहेत तसे न वापरता तो आपल्या पोटातील स्विचिंग पद्धतीच्या परिवर्तकाने त्यांचा दाब आधी वाढवून घेतो. ४ ओहमच्या स्पीकरला १०० वॉट शुद्ध शक्ती देण्यासाठी लहरीची उंची सुमारे २८ व्होल्ट असावी लागते, म्हणून अशा अ‍ॅम्प्लिफायरच्या आत अधिक ३० आणि उणे ३० व्होल्टच्या आसपासचे दोन पुरवठे तयार होतात. जुन्या ‘एबी’ वर्गाच्या रचनेत बरीचशी वीज उष्णतेत वाया जात असे, तर ‘डी’ वर्गात ट्रान्झिस्टर अतिशय वेगाने पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद होत राहतात, त्यामुळे उष्णता कमी निर्माण होते आणि आसनाखाली मावेल एवढ्या डब्यातून मोठी शक्ती मिळवता येते.

शक्ती वाढली की तारेचा प्रश्न पुढे येतो. ४०० वॉट देणारा ‘डी’ वर्गाचा अ‍ॅम्प्लिफायर सुमारे ८० टक्के कार्यक्षम धरला, तर तो पूर्ण भारावर बॅटरीतून साधारण ३६ अँपिअर प्रवाह ओढतो. हा प्रवाह बॉनेटखालील बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर नेताना २० चौरस मिलिमीटर छेदाच्या शुद्ध तांब्याच्या तारेत जेमतेम ०.१५ व्होल्टची घट होते, परंतु ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत तीच घट पाऊण व्होल्टच्या पुढे जाते आणि तार तापू लागते. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या अनेक तयार संचांत तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार असते. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असल्यामुळे वरून जाडजूड दिसणारी तार प्रत्यक्षात कमी प्रतीची निघते. मेन वायरवर बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज बसवणे हा या कामातील सर्वांत महत्त्वाचा नियम होय. हा फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो, कारण तार पत्र्याला घासून तिचे आवरण फाटले तर बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहून गाडी पेट घेऊ शकते. म्हणूनच इंजिन आणि प्रवासी कक्ष यांमधील पत्र्याच्या भिंतीतून तार नेताना भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट घालणे कोणताही जाणता फिटर टाळत नाही.

गाडीचा सारा सांगाडा हाच विजेचा परतीचा मार्ग असल्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरची दुसरी जाड तार पत्र्याला जोडायची असते, आणि ही ‘अर्थ’ची जागा नीट केली नाही तर पुढचे सगळे कष्ट वाया जातात. तेथील रंग खरवडून पत्रा उघडा करावा लागतो, तारेच्या टोकाला लग दाबून बसवावा लागतो, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा लागतो आणि नंतर गंज धरू नये म्हणून त्यावर लेप द्यावा लागतो. डेक आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या अर्थमध्ये किंचितही फरक राहिला, तर अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या वीजजनित्राचा, आवाज स्पीकरातून ऐकू येऊ लागतो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ही शीळ इंजिनाबरोबर वर चढते. ध्वनिसंकेत वाहणारी आरसीए केबल गाडीच्या एका बाजूने आणि मेन वायर दुसऱ्या बाजूने नेण्याचा प्रघातही याच उपद्रवाचा बंदोबस्त म्हणून पडला आहे.

तथापि कारागिराची खरी परीक्षा होते ती दरवाजात. स्पीकरचा पडदा पुढे सरकताना पुढची हवा दाबतो आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ करतो. या दोन परस्परविरुद्ध लहरी एकमेकींना भेटल्या की खालचे स्वर नाहीसे होतात. गाडीच्या दरवाजाच्या आतील पत्र्याला दुरुस्तीसाठी मोठमोठी भोके ठेवलेली असतात आणि त्यांवर केवळ पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, त्यामुळे महागडा स्पीकरही तेथे पोकळ वाजतो. म्हणून डोअर पॅड, म्हणजे दरवाजाचे आतले आवरण, उतरवून, पत्रा स्वच्छ पुसून, बाहेरच्या पत्र्याच्या आतील अंगाला ब्युटाइल रबराची अ‍ॅल्युमिनियम पन्नी लावलेली चकती रोलरने दाबून बसवतात आणि मग आतली भोके बंद करतात. या कामाला ‘डँपिंग’ म्हणतात. पत्र्यावर बोटाने टिचकी मारली असता आधी खणखणीत येणारा आवाज नंतर बोथट येतो, यावरून डँपिंगची तपासणी होते. स्वस्त म्हणून डांबरी चकत्या लावल्या तर विदर्भातील उन्हाळ्यात त्या मऊ पडतात, वास सोडतात आणि घसरतात. कोकणातील पावसाळ्याची अडचण निराळी आहे, कारण काचेवरून ओघळणारे पाणी दरवाजाच्या आत उतरणे हे गाडीच्या रचनेतच गृहीत धरलेले असते आणि ते खालच्या कडेच्या छिद्रांतून बाहेर पडते. उत्साहाच्या भरात ही छिद्रे बुजवली की दरवाजा आतून कुजतो. स्पीकरखाली बसवायचे कडे एमडीएफचे, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीचे, असेल तर याच पाण्याने फुगते, म्हणून ते प्लास्टिकचे किंवा वॉर्निश दिलेल्या मरीन प्लायचे करतात. स्पीकर कसण्यापूर्वी काच पूर्ण खाली उतरवून चुंबक आणि काच यांमध्ये अंतर राहते की नाही, हे पाहणेही तितकेच आवश्यक असते.

साडेसहा इंची स्पीकर दोन प्रकारचे असतात. ‘को-अ‍ॅक्सियल’ स्पीकरमध्ये उंच स्वरांचा ट्विटर मोठ्या पडद्याच्या मध्यावरच बसवलेला असतो, तर ‘कंपोनंट’ संचात तो स्वतंत्र असून काचेलगतच्या खांबावर किंवा आरशाच्या कोपऱ्यावर लावता येतो. खांबाच्या आवरणामागे पडदा-एअरबॅग असलेल्या गाड्यांत तिच्या उलगडण्याच्या वाटेत काहीही येऊ न देण्याचे पथ्य येथे कटाक्षाने पाळावे लागते. कोणते स्वर कोणत्या स्पीकरने वाजवायचे याची वाटणी करणाऱ्या मंडलाला ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. दारातील स्पीकरांना सुमारे ८० हर्ट्‌झच्या खालच्या स्वरांपासून मोकळे करून ते काम सब-वूफरकडे सोपवले, की लहान पडद्यांची ओढाताण थांबते आणि गायकाचा आवाज स्वच्छ होतो. सब-वूफरची पेटी अंदाजाने करण्याची वस्तू नव्हे. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी मांडलेल्या परिमाणांवरून, त्या विशिष्ट स्पीकरला किती लिटरची पेटी लागेल हे काढता येते. बंद पेटी आटोपशीर आणि नेमकी वाजते, तर नळी असलेली पेटी त्याच शक्तीत अधिक जोराने वाजते, पण तिला जागा अधिक लागते आणि तिचे माप चुकले तर बेस घुमत राहतो.

जोडणी पूर्ण झाल्यावर अ‍ॅम्प्लिफायरवरील ‘गेन’ची कळ लावायची असते, आणि तिला आवाज वाढवण्याची कळ समजणे हा या क्षेत्रातील सर्वांत रूढ गैरसमज आहे. डेककडून येणारा संकेत किती ताकदीचा असता अ‍ॅम्प्लिफायर आपल्या पूर्ण क्षमतेला पोहोचेल, एवढेच ही कळ ठरवते. ४ ओहमच्या स्पीकरला ७५ वॉट द्यायचे असतील तर शक्ती आणि रोध यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे १७.३ व्होल्ट, हे लक्ष्य ठरते. स्पीकर सोडवून ठेवून, डेकचा आवाज तीन चतुर्थांशावर नेऊन, चाचणीचा एकच स्थिर स्वर वाजवायचा आणि मल्टिमीटरवर तेवढे व्होल्ट दिसेपर्यंतच कळ फिरवायची, ही त्याची रीत आहे. गेन बेसुमार चढवला तर फाटलेल्या आवाजातील जादा शक्ती उंच स्वरांकडे वळते आणि ट्विटरची केसासारखी बारीक तार जळते.

शेवटचा टप्पा सूर जुळवण्याचा, म्हणजे फिटरच्या शब्दांत ‘ट्यूनिंग’चा. भारतीय गाडीत चालक उजवीकडे बसत असल्याने उजवा स्पीकर त्याला जवळ आणि डावा दूर पडतो, व हा फरक अर्ध्या मीटरचा धरला तर डाव्या स्पीकरचा ध्वनी सुमारे दीड मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. एवढ्यानेच गायक उजव्या दाराशी बसून गात असल्याचा भास होतो. डिजिटल प्रक्रियायंत्रात उजव्या स्पीकरला तेवढाच विलंब दिला, की तोच आवाज डॅशबोर्डच्या मध्यावर, समोर आल्यासारखा वाटतो. दोन स्पीकरांपैकी एकाची अधिक-उणे तार उलट जोडली गेली असेल तर मात्र नुसत्या विलंबाने ही मध्यावरची प्रतिमा उभी राहत नाही, म्हणून १.५ व्होल्टचा सेल टेकवून प्रत्येक पडदा बाहेरच सरकतो का, हे आधीच पाहिले जाते. ख्याल गायकीतील तंबोऱ्याचे झंकार किंवा डग्ग्याचा घुमारा ज्या कानाला ओळखता येतो, त्या कानाला अशा ट्यूनिंगचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

या कारागिरीला जबाबदारीचेही अंग आहे. निवासी भागासाठी भारतातील ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि बंद काचांच्या गाडीतूनही खालचे स्वर बाहेरच्या घरांपर्यंत सहज पोहोचतात. ८५ डेसिबलच्या वर दीर्घकाळ ऐकल्यास श्रवणशक्तीला कायमची इजा होऊ शकते, हेही ग्राहकाला सांगणे फिटरच्या कामातच मोडते. बाहेरून बसवलेल्या विद्युत उपकरणांची नोंद विमा कंपनीकडे करून त्यासाठीचा जादा हप्ता भरला नसेल, तर चोरी किंवा अपघातानंतर त्यांची भरपाई मिळणे कठीण होते.

नव्या गाड्यांनी या व्यवसायाची वाट बदलली आहे. डॅशबोर्डमधील पडदा आता वातानुकूलन, मागचा कॅमेरा आणि गाडीच्या इतर यंत्रणांशी जखडलेला असल्याने डेक बदलणे बहुधा शक्य नसते. म्हणून कंपनीच्या स्पीकर-तारांतूनच संकेत उचलून तो प्रक्रियायंत्राकरवी अ‍ॅम्प्लिफायरला पुरवला जातो. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत अल्टरनेटर नसतो आणि १२ व्होल्टचा पुरवठा मुख्य उच्चदाब बॅटरीवरून परिवर्तकामार्फत मिळतो, त्यामुळे किती प्रवाह ओढता येईल याची मर्यादा आधी तपासावी लागते, आणि नारिंगी आवरणाच्या उच्चदाब तारांच्या वाटेलाही जायचे नसते.

हे ज्ञान बहुतांशी उस्तादाच्या हाताखाली राबून मिळवलेले असते, आणि ते कोणाकडे कितपत मुरले आहे याची एक खात्रीची कसोटी आहे. चांगल्या फिटरने मूळ तारा कापलेल्या नसतात. त्याने कपलरला कपलर जोडून काम केलेले असते, पत्र्याला अनावश्यक भोक पाडलेले नसते, प्रत्येक तार कापडी टेपमध्ये बांधून तिच्या ठरलेल्या वाटेने नेलेली असते आणि फ्यूज हात पोहोचेल अशा जागी ठेवलेला असतो. त्यामुळे गाडी विकायची वेळ आली की सारी यंत्रणा काढून घेऊन गाडी पुन्हा कारखान्यातून आली तशी करता येते, आणि काही वर्षांनी दुसऱ्याच कोणा फिटरने पॅड उघडले तरी त्याला कोणती तार कोठे जाते हे न विचारता कळते. गिऱ्हाइकाने वॉटचे आकडे विचारण्याआधी ही गोष्ट विचारावी, कारण जी जोडणी पुन्हा उकलता येते तीच विचारपूर्वक केलेली असते.